वीतभर रुंद, बोटभर उंच

हे लिहावं की नाही, या विचारात मी बरेच दिवस घालवले. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि तेही यंत्रांचं शिकायला. परीक्षेतला निबंध सोडला तर मराठीत मी काही लिहिलेलं नाही. त्यात ज्यांच्याविषयी लिहायचं ते सेतुमाधवराव वयानं, ज्ञानानं आणि वजनानंही माझ्यापेक्षा भारी. त्यांचं चित्र मी काढायला बसावं हा आगाऊपणाच आहे. चुकलंमाकलं तर वाचणाऱ्यांनी पदरात घ्यावं. खुद्द मामांची (मी त्यांना मामाच म्हणतो) भीती नाही, कारण तंजावरच्या मराठी घराण्यातले असूनही त्यांना देवनागरी वाचता येत नाही. ते मराठी बोलतात आणि तमिळ वाचतात.

वजनाचा उल्लेख मी उगाच केलेला नाही. मामांनी मला पहिला प्रश्न विचारला तो वजनाचाच.

माझे वडील चेन्नईत गलाईचं काम करतात, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करतात. आमच्या खानापूर तालुक्यातली कितीतरी माणसं याच धंद्यात देशभर पसरली आहेत. वडील झोपतात दुकानातच, भट्टीशेजारी. तिथं अभ्यास होणं शक्य नव्हतं, म्हणून कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी खोली शोधत आवडी या उपनगराजवळच्या एका कॉलनीत पोचलो. मोठं गवताचं मैदान, भोवती बैठी घरं आणि एका टोकाला पिळ्ळैयारचं, म्हणजे आपल्या गणपतीचं, छोटं देऊळ. एका घराच्या गच्चीवर भाड्यानं खोली होती. दार उघडलं ते पांढरी वेष्टी नेसलेल्या, कानावर पेन्सिल खोचलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी. मी नाव सांगणार तेवढ्यात त्यांनी मला खालून वर न्याहाळलं.

"तुजं वजन किती?"

"चौपन्न किलो," मी म्हणालो.

"सतरा कमी," ते स्वतःशीच पुटपुटले. मग म्हणाले, "सरि. बैस. खोली तुला."

मला वाटलं, गच्चीचा स्लॅब कच्चा असेल.

खरा प्रकार दुसऱ्या दिवशी सकाळी कळला. मामांनी मला मैदानाच्या कडेच्या सिमेंटच्या बॅडमिंटन कोर्टवर नेलं. तिथं एक छोटा लाल ट्रॅक्टर उभा होता. समुद्रकिनाऱ्यावरच्या कुठल्याशा बंद पडलेल्या रिसॉर्टकडून कॉलनीनं तो आणला होता. त्याच्या पोटाखाली जाड पत्र्याचं एक पसरट खोकं टांगलेलं. त्याला डेक म्हणतात. आत तीन पाती गरगर फिरतात आणि गवत कापतात. मामांनी मला ट्रॅक्टरच्या सीटवर बसवलं. मग मांडीवर दहा किलो तांदळाची पिशवी ठेवली आणि तिच्यावर मामींचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, वाटणाचा सात किलोचा दगड.

"एकाहत्तर," ते म्हणाले. "आतां हलायचं नाही, पा. जोरानं श्वास पण नको."

आणि फूटपट्टी घेऊन ते ट्रॅक्टरखाली शिरले.

त्यांचं म्हणणं असं की, एकाहत्तर किलोचा माणूस, म्हणजे ते स्वतः, सीटवर बसला की टायर दबतात आणि डेक खाली येतो. रिकाम्या ट्रॅक्टरचं माप घेणं म्हणजे झोपलेल्या माणसाची उंची उभी म्हणून सांगणं. पण ते स्वतः सीटवर बसले तर खाली माप कोण घेणार? म्हणून त्यांना एकाहत्तर किलोंचं काहीतरी स्थिर लागत असे. माझ्याआधी हे काम वॉचमनकडे होतं. "पण तो हलतो," मामा म्हणाले. "आणि बिडी पितो. धूर माझ्या डोळ्यांत."

पाऊण तास मी तांदूळ आणि दगड मांडीवर घेऊन उन्हात बसून होतो. दूधवाला थांबून बघून गेला. दोन शाळकरी मुलींनी हात जोडून नमस्कार केला. खालून मामांचा आवाज येत होता, "डावीकडं दोन इंच... उजवीकडं दोन इंच एक सूत... अय्यो, एक सूत!" सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्या एका सुतासाठी त्यांनी टायरमधली हवा तीनदा मोजली. डेकचा पुढचा काठ मागच्यापेक्षा दोन सूत खाली हवा, हा त्यांचा आणखी एक नियम. "देवळात शिरताना माणूस जरा वाकतो कां नाही? तसं गवतात शिरताना डेकनं वाकायचं. ताठ गेला तर गवत दोनदां कापतो अन् विद्रूप करतो."

पुढं तीन वर्षं, दर पंधरा दिवसांनी, मी असा बसलो. परीक्षेच्या काळात माझं वजन घटलं की मामा माझ्या तब्येतीची नाही, मापाची काळजी करायचे. "आज इडल्या किती खाल्लास?" "चार." "आणखी दोन खा. मग बैस."

मामा संरक्षण खात्याच्या कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर ते फोरमन असे चढत गेले. तिथं रणगाड्यांची चाकं एका पातळीत बसवणं हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर रणगाडा मिळेना, म्हणून त्यांनी गवत धरलं. 'समम्' हा त्यांचा शब्द. तमिळमध्ये समम् म्हणजे सारखं, समपातळीत. भिंतीवरची चित्रं समम् हवीत, दाराचा पडदा समम् हवा. मला फर्स्ट क्लास मिळाला तेव्हा त्यांनी गुणपत्रिका हातात घेऊन सगळे विषय पाहिले आणि म्हणाले, "चोखट. पण समम् नाही." चोखट म्हणजे चांगलं. त्यांच्या तंजावुरी मराठीत असे किती तरी जुने शब्द अजून रोजच्या वापरात आहेत. माझी सांगलीकडची मराठी ऐकून मात्र मामी सुरुवातीला हसायच्या आणि विचारायच्या, "हा भांडतो अहे कां बोलतो?"

ट्रॅक्टरची पाती धार लावायला मामा स्वतः गिंडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका लेथवाल्याकडे जात. नुसत्या धारेवर त्यांचा विश्वास नव्हता: आधी धार, मग तोल. धार लावलेलं पातं मधल्या भोकातून खिळ्याला अडकवायचं. एक बाजू खाली झुकली की तिकडचं लोखंड आणखी घासायचं. एकदा ही तिन्ही पाती मामींच्या जुन्या जरीच्या साडीत गुंडाळून ते मेट्रोला निघाले. तपासणीच्या यंत्रात दोन-दोन फुटांची तीन पाती दिसल्यावर काय व्हायचं ते झालं. फोन आल्यावर मी धावत पोचलो तर मामा खुर्चीवर बसलेले, समोर तीन शिपाई, आणि मामांनी एक पातं त्यांच्याच दाराच्या खिळ्याला टांगलेलं. "पाहा, समम् अहे कां?" ते तमिळमध्ये विचारत होते, आणि तिघंही मान वाकडी करून मनापासून बघत होते.

गवत कापताना त्यांचा एकच मंत्र: इंजिन धावू दे, गाडी चालू दे. म्हणजे पाती पूर्ण वेगानं फिरवायची आणि ट्रॅक्टर गोगलगायीसारखा न्यायचा. ट्रॅक्टर इतका हळू जायचा की किडे टिपणारे बगळे त्याच्या मागं नव्हे, पुढं चालायचे, आणि मधूनमधून थांबून मागं वळून बघायचे. ओलं गवत कापायचं नाही. एका वेळी गवताच्या तिसऱ्या भागापेक्षा जास्त उंची काढायची नाही. मागच्या खेपेला उभं कापलं तर या खेपेला आडवं, नाहीतर गवत एकाच बाजूला झोपायला शिकतं. हे गवत म्हणजे आपली हरळी. चतुर्थीला कॉलनीतल्या बायका दुर्वा खुडायला यायच्या, तेव्हा मामा शेजारी उभे राहून सांगायचे, "एकाच जागेवरून नको, मा. सगळीकडून थोडं थोडं. समम्."

अशा माणसाच्या मैदानात एक दोष होता, आणि तो सगळ्यांना दिसायचा.

मामांच्या घराच्या पायरीपासून थेट पिळ्ळैयारच्या देवळापर्यंत, मैदानाच्या बरोबर मधून, गवताची एक रेघ उंच राहायची. वीतभर रुंद, बोटभर उंच. बाकी मैदान गालिच्यासारखं, आणि मधोमध ही शेंडी. मुलांचा क्रिकेटचा चेंडू तिच्यावरून उडायचा. समारंभाच्या वेळी तिच्यावर आलेली खुर्ची डुगडुगायची. कॉलनीचे सेक्रेटरी सेल्वम सार यांनी दहादा सांगितलं होतं. मामा मान हलवायचे आणि पुढच्या खेपेला रेघ पुन्हा तिथंच.

सर्वांत जास्त टोचायच्या त्या मामी. "रणगाडे समम् करणारे फोरमन!" त्या स्वयंपाकघरातून ओरडायच्या. "शत्रूला कळलं असतं तर हसून मेला असता."

"डोशाचं पीठ पाहा तुम्ही," मामा म्हणायचे.

"डोसा माझा गोल अहे. तुमच्या गवताला शेंडी अहे."

मामी निवृत्त शिक्षिका, गणिताच्या. काचबिंदूनं त्यांची नजर गेलेली. उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. मला हे त्या घरात राहायला आल्यावर पंधरा दिवसांनी समजलं, इतक्या त्या सराईतपणे वावरायच्या. काठी त्यांनी एकदा हातात घेतली होती आणि परत केली होती. कुणी हात धरलेला त्यांना खपायचा नाही. "मी गणिताची टीचर. पावलं मला मोजता येतात," म्हणायच्या. रोज सकाळी त्या एकट्या, अनवाणी, मैदान ओलांडून देवळात जायच्या आणि एकट्या परत यायच्या. देवाला जाताना चप्पल कशाला, असं त्यांचं म्हणणं.

माझं शेवटचं वर्ष सुरू असताना गोष्ट हातघाईवर आली. एका रिसेप्शनमध्ये त्या रेघेवरच्या खुर्चीवरून नवरदेवाचे काका पडले. सेल्वम सारांनी नोटीस लावली: येत्या सभेत मैदानाचं काम बाहेरच्या कंत्राटदाराला द्यायचं की नाही, यावर निर्णय होईल. म्हणजे ट्रॅक्टर मामांच्या हातून जाणार. ती नोटीस मामांनी दोनदा वाचली, टाचणी वाकडी होती ती सरळ करून लावली आणि घरी आले.  ट्रॅक्टर गेला तर हा माणूस दिवसभर करणार काय, हे मला खरंच कळेना.

मी विचार करू लागलो. इतकी वर्षं यंत्रं शिकून मला एवढं तरी कळायला हवं होतं. दोन फेऱ्यांमध्ये पाती एकमेकांवर पुरेशी येत नसतील. म्हातारपणी नजर चुकत असेल. मामांना सांगितलं तर त्यांना लागेल. नेमके सभेच्या आठवडाभर आधी मामा एका लग्नासाठी एकटेच दोन दिवस कुंभकोणमला गेले. ट्रॅक्टर मला येत होता. गावाकडं उसाच्या शेतात चालवलेला. दुपारी गवत पूर्ण वाळल्यावर मी डेक त्यांच्याच मापावर ठेवला, इंजिन धावू दिलं, गाडी चालू दिली आणि ती रेघ साफ कापून टाकली. वर जाऊन गच्चीतून बघितलं. मैदान असं समम् मी कधी पाहिलं नव्हतं. मामा आल्यावर काय म्हणतील, या आनंदात मी होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीत ब्रश करत उभा होतो. मामी फुलांची परडी घेऊन पायरी उतरल्या. गवतात पाच-सहा पावलं चालल्या आणि थांबल्या. उजवा पाय उचलून त्यांनी बाजूला टेकवला. मग डावा. मग पुन्हा उजवा, जरा लांब. थोडं चालल्या, पुन्हा थांबल्या. देवळाकडं जायच्या ऐवजी त्या कॉलनीच्या हॉलच्या दिशेनं निघाल्या होत्या. मैदानाच्या मधोमध त्या उभ्या राहिल्या, परडी दोन्ही हातांनी धरून, आणि त्यांचा पाय गवतावर काहीतरी शोधत होता.

तोंडातला फेस न धुताच मी खाली धावलो.

"कोण? तू कां?" त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता. "आज गवत चोखट झालंय की."

"मामी, मी... काल मी कापलं."

"हां." परडी एका हातात घेत त्या म्हणाल्या, "मला जरा हात दे, पा."

मी हात दिला. तो धरून त्या देवळापर्यंत आल्या आणि परत आल्या. पावलं मात्र मोजत होत्या, ते मला त्यांच्या बोटांवरून कळत होतं.

मामा परत आले ते संध्याकाळी. रिक्षातून उतरताच त्यांनी मैदान पाहिलं. बॅग तिथंच ठेवून ते गवतात गेले, वाकले आणि जिथं रेघ होती तिथं तळवा फिरवला. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. 

"मामा, मला माहीत नव्हतं."

"काय माहीत नव्हतं?" ते पटकन म्हणाले आणि घराकडं बघितलं. मामी दारात बसल्या होत्या. मामांनी आवाज उतरवला. "तुजं काम चोखट. माझ्यापेक्षां चोखट. पण गवत बोटभर यायला पंधरा दिवस लागतील. तोवर तोंड बंद. तिला वाटतं, ती आपली आपण जाते. तसंच वाटू दे."

दुसऱ्या दिवसापासून मामा सकाळी मामींबरोबर देवळात जाऊ लागले. "डॉक्टरनं चालायला सांगिटलं," त्यांनी जाहीर केलं.

"कोणत्या डॉक्टरनं?"

"नव्या."

"मग तिकडून चाला. माझ्या अंगावर कां येताय?"

"तुमच्याच बाजूला सावली अहे."

सहा वाजता सावली कुठली? पण दोघं खांद्याला खांदा लावून, भांडत, देवळापर्यंत जायचे आणि भांडत परत यायचे. गच्चीतून मला त्यांचा शब्द न् शब्द ऐकू यायचा.

या पंधरा दिवसांतच सभा झाली, आणि तिथं सगळंच उलटं झालं. मैदान सपाट बघून लोक खूष होते. सेल्वम सारांनी उठून मामांचं अभिनंदन केलं. "राव सार, अखेर जमलं! आता कंत्राटदार कशाला? फक्त एवढंच सांगा, पुन्हा ती रेघ येणार नाही."

एवढं एक वाक्य म्हणायचं होतं. ट्रॅक्टर त्यांचाच राहिला असता.

मामा उभे राहिले. कानावरची पेन्सिल काढून परत खोचली. "येणार," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"रेघ येणार. डेक वाकडा अहे. माझ्याच्यानं सरळ होत नाही."

सभा हसली. पहिल्या रांगेत बसलेल्या मामीही हसल्या.  त्या डेकमध्ये एका सुताचाही फरक नव्हता. तांदळाची पिशवी आणि दगड मांडीवर घेऊन तीन वर्षं मीच तर बसलो होतो. ज्या माणसानं कधी मेट्रोच्या शिपायांसमोर आपल्या पात्याचा तोल सिद्ध केला, तो भरसभेत आपल्या डेकला वाकडा म्हणत होता. मी बोलायला उठलो.  "सार, मला सांगायचं आहे..."

"बैस," मामा मराठीत म्हणाले.

मी बसलो. त्यांच्या आवाजात तेव्हा फोरमन होता.

कमिटीनं निर्णय पुढं ढकलला. नंतर लेखी कळवू म्हणाले. पंधरा दिवसांनी रेघ परत उगवली, मामांचा 'नवा डॉक्टर' बंद झाला आणि मामी पुन्हा एकट्या जाऊ लागल्या. माझी परीक्षा झाली. होसूरच्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून नोकरी लागली आणि मी खोली सोडली. निघताना मामांनी मला सीटवर शेवटचं बसवलं. माझं वजन तोवर एकसष्ट झालं होतं, दगड लागला नाही. निर्णयाबद्दल मी फोनवर विचारलं की ते म्हणायचे, "पत्र येईल." पत्र येत नव्हतं. महिना गेला, दुसरा गेला. मामा ट्रॅक्टर चालवत होते, पण दर खेपेला हीच शेवटची, असं धरून चालवत होते.

मागच्या रविवारी माझ्या फोनवर एक आवाजी निरोप आला. नंबर मामांचा, आवाज मामींचा. सुरुवातीला बराच वेळ नुसती भांड्यांची खुडबुड, मग:

"तंबी, मी मामी. हे बटण दाबून बोलायचं म्हणून शेजारच्या पोरीनं सांगिटलं. हे अंघोळीला गेलेत, म्हणून लवकर सांगते. कमिटीचं पत्र आलं. ट्रॅक्टर यांजकडेच. रेघ असू दे म्हणून ठराव झाला. जुन्या डेकवर दया केली कमिटीनं, असं वाटून हे रागावून बसलेत. तसं नाही. मी सेल्वमच्या घरी जाऊन सांगिटलं होतं, ती रेघ मला पाहिजे म्हणून. इतकी वर्षं तीच धरून जाते मी. हे यांना कळू द्यायचं नाही. मला माहीत नाही म्हणून वाटतं यांना, तसंच वाटू दे. आतां तुजं एक काम अहे. ती रेघ शेवटाला जरा डावीकडं जाते. देवळाच्या पायरीवर पाय पडायच्या जागी रोज लोकांच्या चपलांवर पडतो. दोन पावलं उजवीकडं पाहिजे. मी कसं सांगू? तू सांग. इंजिनीयर ना तू, काय तरी इंजिनीयरिंगचं कारण काढ. पाणी बंद झालं, हे आले. ठेवते."